डबीत डबी, तिच्यात डबी, तिच्यात…

अहो, डबीत डबी! तांब्याची उघडली की आत चांदीची, चांदीची उघडली की दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि स्फटिकाच्या पोटात सोन्याची! मधल्या फटींत सोन्याची फुलं आणि रत्नं. भोवती तांबूस धातूच्या आठ मूर्ती, पहाऱ्याला बसवल्यासारख्या. आणि हे सगळं कुठे? तर नालासोपाऱ्याला! सकाळी विरार लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही म्हणून आपण ज्या गावाच्या नावाने बोटं मोडतो, त्या नालासोपाऱ्याला!

माझं माहेर नौपाड्यात, सासरही नौपाड्यातच. गुप्तधनाच्या गोष्टींचं वेड इतकं, की पुस्तकात भुयार नाहीतर फाटका नकाशा आला की तव्यावरची पोळी करपलीच म्हणून समजा. आणि आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात असा खराखुरा ऐवज निघाला होता, हे मला आजवर कुणीच सांगू नये? इतिहासाच्या पुस्तकात ‘सोपारा हे प्राचीन बंदर होते’ एवढं वाक्य पाठ करून मी एक मार्क मिळवला होता. पाच डब्यांचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता.

मला हे सापडलं ते ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये. जेम्स कॅम्बेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने मुंबई इलाख्याची जाडजूड गॅझेटियरं संपादित केली, त्यातला ठाण्याच्या गावांचा भाग 1882 सालचा. गावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेली. मला बघायचं होतं ठाणं, पण पानं उलटताना वाटेत सोपारा लागलं आणि मी तिथेच उतरले. संध्याकाळचा दिवा लावायचा राहिला, कुकरची शिट्टी शेजारच्या काकूंनी येऊन बंद केली. मी त्यांनाच धरून बसवलं आणि म्हटलं, “काकू, स्वयंपाक राहू दे, आधी हे ऐका.”

तर ऐका. सोपाऱ्यात एक मोठं टेकाड होतं. गावकरी त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांचा म्हणे कुणी राजा होता, त्याचा तो किल्ला! एप्रिल 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड मधोमध खणलं. हे भगवानलाल म्हणजे एक वेगळीच कादंबरी आहे. जन्म जुनागढचा, 1839 सालचा. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर फिरून शिलालेखांचे ठसे घेतले. इंग्रजी बेताचं, लिहायचे गुजरातीत, आणि पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टरेट दिली. अशा माणसाच्या हाताखाली ते टेकाड उघडलं आणि कोट कुठला, आत निघाला विटांचा बौद्ध स्तूप. स्तूपाच्या गाभ्यात विटांची चौकोनी कोठडी, कोठडीत दगडाची गोल पेटी, दोन भागांची, झाकण घट्ट बसलेलं. पेटीत मध्ये अंड्याच्या आकाराचा तांब्याचा करंडक. आणि त्या करंडकात बाकीच्या डब्या, ती फुलं, ती रत्नं, शिवाय सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं.

इथे मी दम खाल्ला. काकू म्हणाल्या, “आणि सोन्याच्या डबीत काय होतं ते सांग की! हिरा?”

काकूंनी हिराच म्हणावं, यातच सगळ्या गोष्टीची गंमत आहे. बाहेर दगड, मग तांबं, मग चांदी. प्रत्येक झाकणासरशी अपेक्षा वर चढते. मधे एक दगड आणि एक स्फटिक टाकून रचणाऱ्याने थोडी हुलकावणी दिली आणि मग एकदम सोनं. आता सोन्याच्या आत काय असेल? सोन्याहून मोलाचं काहीतरी हवं, नाही का?

होतंच. मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. खापऱ्या!

भगवानलालांनी त्यांचा अर्थ लावला तो असा, की हे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे असावेत, असं मानून कुणीतरी ते इथे पुरले. म्हणजे कल्पना करा, ज्या भांड्यात दारोदारचं शिळंपाकं मागून घ्यायचं, त्या भांड्याच्या चिमूटभर खापऱ्या, आणि त्यांच्या रखवालीला सोनं! सोन्याचा उपयोग पुडक्याच्या कागदाइतका. मी जन्मभर गुप्तधनाच्या गोष्टी वाचल्या, पण एवढ्या धीटपणे शेवट करणारा गोष्टीकार मला कुठे भेटला नव्हता. आणि याने तर शाई वापरलीच नाही. तांबं, चांदी, स्फटिक आणि माती यांतच त्याने गोष्ट लिहिली आणि वाचकाची वाट बघत शतकानुशतकं जमिनीखाली ठेवून दिली.

अजून एक वळण आहे, त्याने तर माझी रात्रीची झोप उडवली. आतलं नाणं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरचं. पण त्या आठ मूर्ती, सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या आणि एक पुढे येणाऱ्या मैत्रेयाची, त्यांची घडण अभ्यासकांच्या मते आठव्या-नवव्या शतकातली. म्हणजे मधे कधीतरी कुणीतरी हा स्तूप उघडला होता! सोनं बघितलं, रत्नं बघितली, खापऱ्या बघितल्या. आणि घेतलं काहीच नाही असं दिसतं. उलट आठ मूर्तींची भर घातली आणि पुन्हा बंद करून टाकलं. खजिन्याच्या गोष्टींत चोर असतो, राखण करणारा नाग असतो, लोभाने मरणारा भाऊ असतो. खजिना उघडून त्यात भर टाकून जाणारा माणूस कुठल्या गोष्टीत आहे? मला त्या माणसाचं नाव हवंय. ते कुठेच कोरलेलं नाही आणि म्हणून तो डोक्यातून जात नाही.

त्यानंतर मी रस्त्याने चालले की सराफांच्या दुकानांकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. नौपाड्यात सोन्याची काही वाण नाही. गोखले रोड आणि राम मारुती रोड धरून चाललात तर एका पेढीच्या दिव्यांतून निघून दुसरीच्या उजेडात शिरता. धनत्रयोदशीला बाहेर खुर्च्या टाकाव्या लागतात. काचेमागे लफ्फे, तन्मणी, चिंचपेट्या, राणीहार, सगळं झगमगीत. पण एखाद्या हारापुढे उभं राहून अंगावर काटा आलाय, असं कुणाचं झालंय का? माझं नाही झालं. त्या हाराने सगळं सांगूनच टाकलेलं असतं: वजन इतकं, शुद्धता इतकी, घडणावळ इतके टक्के. विचारायला काही उरतच नाही. तोच हार आजीच्या जात्याखालच्या हंड्यात होता आणि तो तिथे कुणी ठेवला हे घरात कुणी बोलत नाही, असं म्हणा. बघा लगेच मान वळते की नाही! दागिन्याला गोष्ट चिकटते ती तो दडला की, हरवला की, नाहीतर त्याच्यापायी कुणावर आळ आला की.

आळावरून आठवलं. गणेशचतुर्थीला चुकून चंद्र दिसला तर स्यमंतक मण्याची कथा ऐकायची, हे आपल्याकडे घरोघर सांगतात. मी ती कथा लहानपणापासून ऐकत आलेय, पण सोपाऱ्यानंतर पुन्हा वाचली आणि थक्क झाले. हा मणी रोज आठ भार सोनं देतो. आठ भार, रोज! आणि कथेला त्या सोन्याचं काही पडलेलंच नाही. मण्याचा मालक सत्राजित, त्याचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला जातो आणि परत येत नाही. आळ येतो कृष्णावर. मग कृष्ण माग काढत निघतो. आधी प्रसेनाचं प्रेत, तिथून सिंहाची पावलं, पुढे मेलेला सिंह, तिथून अस्वलाची पावलं, ती एका गुहेत शिरलेली. आणि गुहेत काय? जांबवंताच्या लेकराला खेळायला दिलेला तो मणी! रोज आठ भार सोनं देणारं रत्न, आणि अस्वलाच्या घरी त्याचा झाला खुळखुळा. भागवतात जांबवंताशी कृष्णाचं युद्ध अठ्ठावीस दिवस चालतं. शेवटी मणी मिळतो, आणि कृष्ण तो घरी नेतो का? नाही, सत्राजिताला परत करतो. त्याला मणी नकोच होता, नाव स्वच्छ हवं होतं. पुन्हा तेच. सोन्याच्या डबीत सोनं नाही!

मग मला नादच लागला. सोपाऱ्याचं जुनं नाव शूर्पारक. ‘दिव्यावदान’ या बौद्ध कथांच्या संस्कृत ग्रंथात शूर्पारकाच्या पूर्णाची कथा आहे. पूर्ण हा श्रीमंत व्यापाऱ्याचा दासीपासून झालेला मुलगा, सावत्र भावांच्या वाटणीत रिकाम्या हाताने बाहेर पडलेला. रस्त्यात त्याला एक लाकूडफाटा विकणारा भेटतो. समुद्राकाठी गोळा केलेली मोळी डोक्यावर आणि माणूस थंडीने कुडकुडतोय. इतर लोकांना कुडकुडणारा गरीब दिसतो. पूर्णाला मोळीतलं गोशीर्ष चंदन कळतं, ज्याच्या नुसत्या गारव्याने माणूस कापायला लागतो. तो ती मोळी विकत घेतो. पुढे राजाला दाहज्वर होतो, वैद्य गोशीर्ष चंदन सांगतात, आणि अख्ख्या नगरात ते एकट्या पूर्णाकडे! खजिना जमिनीत नव्हताच, भर रस्त्यात डोक्यावरून चालला होता. ओळखणाऱ्याची नजर तेवढी हवी होती. आणि एवढा पैसा मिळवून शेवटी हा पूर्ण काय करतो? भिक्षू होतो! पात्र हातात घेतो. मातीच्या त्या तेरा तुकड्यांशी कथा आपोआप जाऊन भिडते.

तेवढ्यात जातकांमध्ये सुप्पारक नावाचा आंधळा खलाशी भेटला. नाव बघूनच मी उडाले. हा भरुकच्छचा, म्हणजे भडोचचा. नुसत्या हाताच्या स्पर्शाने वस्तूची पारख करणारा. व्यापारी त्याला जहाजावर घेतात, वादळात जहाज भरकटतं आणि एकेक अजब समुद्र लागतो. कुठे हिऱ्यांचा, कुठे सोन्याचा, चांदीचा, पाचूचा. सुप्पारकाला कळतं, पण तो व्यापाऱ्यांना चकार शब्द सांगत नाही. सांगितलं तर हे लोक हावेपोटी जहाज इतकं भरतील की बुडेल! तो मासे धरायच्या निमित्ताने गुपचूप जाळं सोडतो, बेताचा माल वर घेतो आणि हलका माल काढून टाकतो. आंधळ्याला रत्नं ‘दिसतात’ आणि डोळसांना नुसतं जाळं. मी हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, यावर सिनेमा का नाही काढला कुणी?” मी तरी काय उत्तर देणार!

सिनेमा निघाला आहे, वेगळ्या गोष्टीवर. 2018 चा ‘तुंबाड’, राही अनिल बर्वे यांचा. त्यात मूठभर मोहरांसाठी माणूस पुन्हा पुन्हा जमिनीखालच्या एका गर्भात उतरतो आणि दर वेळी आतला थोडा थोडा माणूस तिथेच ठेवून येतो. नारायण धारपांच्या कथांचा वास त्याला आहे. आपल्याकडे गुप्तधनाचा हा काळा पदर जुनाच. पायाळू माणसाला डोळ्यांत अंजन घालून बसवलं की जमिनीखालचं धन दिसतं, ही समजूत आजीच्या तोंडून आपण ऐकलेली. तिच्यापायी इतके भयंकर प्रकार झाले, की महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. खोटं गुप्तधन कसं ओळखायचं, याची खूण मला आता कळली आहे. त्यात शेवटच्या डबीत सोनंच असतं, आणि ते मिळवायला दुसऱ्या कुणाला तरी मरावं लागतं.

आता एक योगायोग, तोही असा की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’, म्हणजे सगळ्या खजिना-कादंबऱ्यांची आई, एका इंग्रजी मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः छापून आली ती ऑक्टोबर 1881 ते जानेवारी 1882. आणि सोपाऱ्याची कोठडी उघडली एप्रिल 1882 मध्ये! तिकडे इंग्लंडातली पोरं कागदावरच्या बेटावरचा खजिना वाचून नुकती बाजूला झालेली आणि इकडे वैशाखाच्या तोंडावर ठाणे जिल्ह्यात खरा खजिना वर येतोय. स्टीव्हन्सनने आधी सावत्र मुलासोबत बेटाचा नकाशा रंगवला आणि मग त्यातून कादंबरी निघाली. सोपाऱ्यात नकाशा नव्हता. तिथे होती फक्त बुरूड राजाची एक चुकीची दंतकथा. लोक बुद्धाला विसरले, स्तूपाला विसरले, पण ‘इथे कुणी मोठा माणूस होता’ एवढं मात्र पिढ्यान्पिढ्या सांगत राहिले. गोष्ट बदलली तरी खूण हलली नाही.

शेवटच्या डबीत सोनं नसावं, हे आर्थर कॉनन डॉयलला पुरतं कळलं होतं. 1890 च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये आग्र्याच्या लुटीची जड लोखंडी पेटी सगळी कादंबरीभर पळवापळवी होऊन शेवटी उघडते, आणि आत काही नाही! रत्नं थेम्स नदीच्या तळाशी गेलेली. आणि वॉटसन काय म्हणतो? त्याला आनंद होतो. कारण ती संपत्ती हाती आली असती, तर आवडत्या मुलीला मागणी घालायला त्याची जीभ रेटली नसती. सोपारा, स्यमंतक, आग्रा. तीन खजिन्यांच्या गोष्टी, आणि गाभ्याशी एकच चलाखी. रत्नांनी आपल्याला दारापर्यंत आणायचं आणि आत गेल्यावर रत्नं विसरायला लावायचं. मुलांना गोष्ट सांगताना म्हणूनच आपण ‘सोनं मिळालं आणि ते सुखाने राहू लागले’ एवढ्यावर थांबलो की ती म्हणतात, “मग?” त्यांना आतली डबी हवी असते.

या सगळ्या भरात मी आमच्या ठाण्याकडे वळले. ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहाच्या जागी, 1787 साली पाया खणताना ताम्रपट निघाले होते. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके 939 चे. सोनंनाणं नाही, तर तांब्यावर कोरलेलं दानपत्र! पुढच्याच वर्षी त्याचं भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापून आलं. नौपाड्यात आज दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या गल्लीत जुनी इमारत पाडून पाया खणणं चालू असतं. पोकलेनचा हात खाली गेला की कठड्याशी थांबलेले आजोबा हमखास विचारतात, “काय निघालं का हो?” आधी मला हसू यायचं. आता मीही त्यांच्या शेजारी उभी राहते. (आणि काही निघालंच, तर लक्षात असू द्या: 1878 चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं!)

आणि ठाण्याशी नातं असलेला दुसरा खजिना तर कुलूपबंदच होता. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले होते. मराठीचा आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ या घराण्यातला. कित्येक शतकं पंथाबाहेरच्या मराठी माणसाला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली शोधली. आणि या ग्रंथांना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने बसवणाऱ्यांत एक होते विनायक लक्ष्मण भावे, आपले ठाणेकर! ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे आणि 1893 साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणारे. ज्या ग्रंथालयातून मी शाळेपासून गुप्त भुयारांच्या कादंबऱ्या पिशवी भरभरून आणल्या, त्याचा संस्थापक स्वतःच एका उलगडलेल्या संकेताचा राखणदार!

सातवाहनांचा खजिनाही असाच, ग्रंथाचा. त्या डबीजवळचं नाणं ज्या घराण्याचं, त्याच घराण्याच्या प्रतिष्ठानच्या दरबारात गुणाढ्याची कथा घडते. सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ त्याने पैशाची भाषेत आपल्या रक्ताने लिहिली. राजाने नाकारली. मग गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरणं विसरून रडत ऐकत राहिली. राजाला पश्चात्ताप होईपर्यंत एक लाखच श्लोक उरले होते. खजिना गेला कुठे, तर धुरात. आणि उरलं काय, तर पुढची हजारो वर्षं पुरतील एवढ्या गोष्टी.

न राहवून मी नालासोपाऱ्याला जाऊन आले. स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षा मिळते. पुरातत्त्व खात्याने राखलेलं आवार, झाडं आणि मधोमध विटांचा तो स्तूप. बरोबरच्या भाच्याचं तोंड उतरलं. “इथे तर काहीच नाही!” मी त्याला बसवलं आणि डब्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तेरा खापऱ्यांपाशी आले तेव्हा शेजारी क्रिकेट खेळणारी दोन पोरं बॅट टाकून ऐकायला आली होती. एकाने विचारलं, “आंटी, ते आता कुठेय?” तो ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे, टाउन हॉलच्या त्या पांढऱ्या खांबांमागे. आणि याच गावात, भातेला तळ्याजवळ, भगवानलालांना त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला होता, तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. राजे पूर्वी शिकारीच्या सहलींना जात, आपण धम्मयात्रेला जातो, असं त्या लेखात अशोक सांगतो. “म्हणजे राजासुद्धा ट्रिप काढायचा!” भाचा म्हणाला. काढायचा तर!

तेव्हा तुम्हीही ट्रिप काढा. सोपाऱ्याला जा, जमलं तर एशियाटिकमध्ये चौकशी करा, आणि नसेल जमत तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, की आपल्या गावात कुठल्या टेकाडाला, कुठल्या बारवेला कुणाचं नाव लागलंय. दंतकथा चुकीची असली तरी चालेल, लिहून घ्या. खणायचं काम पुरातत्त्व खात्याचं. ‘मग?’ असं विचारत राहायचं काम मात्र आपलं, आणि ते करायला कलेक्टरची परवानगी लागत नाही!